आंतरग्रहीय धुळीची ऊब मोजताना

आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर, १० ते ६० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशात आकाश पाहिलं तर जी चमक दिसते तिचा बहुतांश भाग ना ताऱ्यांचा असतो, ना दीर्घिकांचा. तो आपल्याच सूर्यमालेतल्या धुळीचा असतो. धूमकेतू आणि लघुग्रह यांच्यापासून सुटलेले, एका मायक्रॉनपासून काहीशे मायक्रॉनपर्यंतचे कण सूर्याच्या उन्हात तापतात आणि ती ऊब अवरक्त प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकतात. पृथ्वीच्या अंतरावर या कणांचं तापमान २८० केल्विनच्या आसपास असतं, त्यामुळे त्यांचा उत्सर्जनाचा माथा १० ते २० मायक्रॉनच्या पट्टीत येतो. जमिनीवरून हे मोजणं जवळपास अशक्य, कारण हवा आणि दुर्बीण दोन्ही याच तापमानाची असतात आणि याच तरंगलांबीत उजळतात. म्हणून दुर्बीण अवकाशात न्यायची आणि द्रव हेलियमने थंड करायची.

धुळीची ऊब मोजण्याचं हे काम आम्ही नासाच्या कोबे (COBE) उपग्रहावरच्या डर्बी (DIRBE) या अवरक्त चमक मोजणाऱ्या उपकरणाच्या निरीक्षणांवर करतो. कोबे १८ नोव्हेंबर १९८९ रोजी सुटला, हेलियम २१ सप्टेंबर १९९० रोजी संपला. इतकी जुनी निरीक्षणं कशासाठी, हा प्रश्न नवीन माणूस हमखास विचारतो. आयरास हा अवरक्त उपग्रह १९८३ सालीच आकाश पाहून गेला होता, नंतर अकारी आणि वाइज हे उपग्रह आले आणि त्यांचे नकाशे कितीतरी रेखीव आहेत. पण धुळीची चमक आकाशभर पसरलेली असते, तिला कडा नसतात. तिच्यासाठी रेखीवपणा फारसा कामाचा नाही. लागतो तो भरवशाचा शून्य, म्हणजे आकाश पूर्ण काळं असेल तर उपकरण शून्यच दाखवेल ही खात्री. वाइजचे जोडलेले नकाशे घेतले तर शेजारच्या चित्रांची पार्श्वभूमी एकमेकींशी जुळवलेली असते, आणि त्या जुळवणीत धुळीचा मोठा भाग निघून जातो. आयरासचं कॅलिब्रेशन (मापाची जुळवणी) बिंदुरूप स्रोतांवर बेतलेलं होतं. मोठ्या पसरट चमकेला त्याचे डिटेक्टर वेगळा प्रतिसाद देत, म्हणून १२ मायक्रॉनला ०.७८, २५ मायक्रॉनला ०.८२ असे गुणक लावावे लागले. पुढे डर्बीशी ताडून पाहिल्यावर आयरासची १०० मायक्रॉनची पसरट चमक बरीच जास्त भरत असल्याचं दिसलं. डर्बीच्या मापात आणायला तिला सुमारे ०.७२ ने गुणावं लागतं.

डर्बीची रचनाच शून्यासाठी केलेली होती. आरसा फक्त १९ सेंटिमीटरचा, तोही अक्षाबाहेरचा, म्हणजे प्रकाशाच्या वाटेत दुय्यम आरसा किंवा त्याचे आधार येत नाहीत आणि इकडचा तिकडचा भटका प्रकाश कमी राहतो. आत एक चॉपर सेकंदाला ३२ वेळा डिटेक्टरला आळीपाळीने आकाश आणि आतला थंड पृष्ठभाग दाखवायचा. हा पृष्ठभाग २ केल्विनच्याही खाली, म्हणजे या तरंगलांबींत व्यवहारात काळाच. डिटेक्टरमधून येणारा आकडा या दोहोंतला फरक असतो. चॉपरचा आणि इलेक्ट्रॉनिक्सचा स्वतःचा उरलासुरला भाग काढण्यासाठी अधूनमधून झडप बंद करून तेच मोजमाप घेतलं जायचं, आणि प्रतिसाद सरकतोय का हे आतल्या छोट्या स्रोतावर तपासलं जायचं. धुळीवर काम करणाऱ्याने ही झडपेची गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण पुढची सगळी मोजणी तिच्यावर उभी आहे.

तरीही डर्बीचा शून्य आणि डर्बीचं माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य उत्तम आहे, एका तासापासून दुसऱ्या तासापर्यंतची स्थिरताही एका टक्क्याच्या घरात आहे. पण निरपेक्ष माप पट्टीगणिक बदलतं. १.२५ ते १२ मायक्रॉनपर्यंत ते व्याध ताऱ्यावर बांधलेलं आहे, २५ मायक्रॉनला एनजीसी ७०२७ या ग्रहीय तेजोमेघावर, ६० आणि १०० ला युरेनसवर, १४० आणि २४० ला गुरूवर. त्यातली अनिश्चितता ४.९ मायक्रॉनला ३ टक्के आणि १२ मायक्रॉनला ५.१ टक्के आहे, तर २५ मायक्रॉनला थेट १५.१ टक्के. धूळ सर्वांत ठळक दिसते त्याच पट्टीचं माप सर्वांत ढिलं आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो एका अनपेक्षित जागी निघतो.

आता प्रत्यक्ष काम. डर्बीचे साप्ताहिक सरासरी नकाशे सहज मिळतात आणि दिसायलाही सुंदर असतात, पण धुळीसाठी ते वापरू नयेत. आठवड्याभरात पृथ्वी आपल्या कक्षेत सुमारे ७ अंश पुढे जाते. म्हणजे आकाशातल्या एकाच बिंदूकडे पाहणारी दृष्टिरेषा आठवड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी धुळीच्या वेगवेगळ्या भागांतून जाते, आणि सरासरीत हा फरक पुसला जातो. आम्ही प्रत्येक निरीक्षण सुटं असलेल्या फायली घेतो. उपग्रह मिनिटाला ०.८ फेऱ्या या वेगाने स्वतःभोवती फिरायचा आणि डर्बीची नजर त्या अक्षापासून ३० अंश कललेली होती. नोंद सेकंदाला ८ वेळा व्हायची. हिशेब केला तर दोन नोंदींमध्ये नजर आकाशात सुमारे ०.३ अंश सरकते, आणि नकाशाचा पिक्सेलही ०.३२ अंशाचा आहे. मात्र एका वेळी दिसणारा आकाशाचा चौकोन ०.७ अंशाचा, म्हणजे पिक्सेलहून दुप्पट. शेजारचे पिक्सेल एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत, हे त्रुटी काढताना विसरून चालत नाही.

या कललेल्या नजरेमुळे डर्बीला सूर्यापासून ६४ ते १२४ अंशांपर्यंतचं आकाश दिसायचं आणि रोज जवळजवळ अर्धं आकाश तपासून व्हायचं. अकारीने मात्र सूर्यापासून ९० अंशांवर, फार तर अंशभर इकडेतिकडे, एवढ्यातच आकाश पाहिलं. धुळीच्या दृष्टीने हा फरक फार मोठा. एकाच बिंदूकडे ६४ अंशांवर पाहताना दृष्टिरेषा सूर्याच्या अधिक जवळून, जास्त गरम आणि दाट धुळीतून जाते. १२४ अंशांवर पाहताना ती बाहेरच्या थंड धुळीकडे वळते. धुळीची घनता आणि तापमान सूर्यापासून किती झपाट्याने उतरतात, हे या दोन टोकांच्या तुलनेतूनच कळतं. फक्त ९० अंशांच्या निरीक्षणांवर घनतेचा उतार आणि तापमानाचा उतार वेगळे काढायला गेलात, तर गणित उत्तर देईल, पण त्या उत्तराला अर्थ नसेल.

पुढची पायरी छाटणीची. चंद्र किंवा तेजस्वी ग्रह दृष्टिरेषेजवळ असतानाच्या नोंदी टाकायच्या. उपग्रह दक्षिण अटलांटिकवरच्या विद्युतभारित कणांच्या पट्ट्यातून जातानाच्या नोंदी टाकायच्या, आणि लांब तरंगलांबीच्या डिटेक्टरांसाठी त्यानंतरच्याही काही काळाच्या. कणांचा मारा बसल्यावर जर्मेनियम-गॅलियमच्या डिटेक्टरचा प्रतिसाद वाढतो आणि लगेच मूळपदावर येत नाही. आकाशगंगेचा पट्टाही वगळायचा. इथे नवा माणूस अडखळतो: वेगवेगळ्या तारखांच्या चमकेतला फरकच घ्यायचा आहे, आकाशगंगा तर वर्षभर तशीच राहते, ती आपोआप वजा होणार नाही का? कागदावर होते. प्रत्यक्षात तिथे चमकेचा उतार इतका तीव्र असतो की ०.७ अंशाचा चौकोन एकदा थोडा इकडे, एकदा थोडा तिकडे पडला, किंवा वेगळ्या कोनात फिरून आला, की त्याच पिक्सेलमध्ये काही टक्क्यांचा खोटा बदल उभा राहतो. ठळक ताऱ्यांभोवतीही हेच होतं. त्यातले लाल राक्षसी तारे तर खरोखरच तेज बदलतात, आणि ५ मायक्रॉनखाली तो बदल धुळीच्या बदलात बेमालूम मिसळतो.

मग रंगाची दुरुस्ती. डर्बीचे आकडे दिलेत ते वारंवारता गुणिले चमक हा गुणाकार पट्टीभर सारखा आहे असं धरून. धुळीचा वर्णपट तसा नसतो, म्हणून तापमानानुसार गुणक लावावा लागतो. हे किती नाजूक आहे ते, तापलेली वस्तू कोणत्या तरंगलांबीत किती उजळते हे सांगणाऱ्या प्लांकच्या सूत्रातून लगेच दिसतं. २८६ केल्विनच्या धुळीचं तापमान १ टक्क्याने बदललं तर २५ मायक्रॉनची चमक सुमारे २.३ टक्क्यांनी, १२ मायक्रॉनची सुमारे ४ टक्क्यांनी आणि ४.९ मायक्रॉनची तब्बल १० टक्क्यांनी बदलते. म्हणून तापमान ठरवायला ४.९ आणि १२ मायक्रॉन, आणि कणांची मांडणी ठरवायला २५ मायक्रॉन, असं आम्ही मनाशी धरून चालतो. ३.५ मायक्रॉनला कणांनी विखुरलेलं ऊनही मिसळतं, तिथे निव्वळ उत्सर्जन म्हणून काही वेगळं हाती लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. एखाद्या पिक्सेलमध्ये ४० मेगाजान्स्की प्रति स्टरेडियन (हे पसरट चमकेचं एकक) चमक नोंदली गेली, तर त्यात धूळ किती हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. धूळ ओळखायची एकच खात्रीची खूण आहे: ती बदलते. आपण तिच्या बाहेरून नाही, आतून पाहतोय आणि पृथ्वीबरोबर आपली जागा सरकतेय. तारे, आकाशगंगा, दूरच्या दीर्घिका यांपैकी कशातही असा वर्षाचा फेरा नसतो.

हा फेरा पाहायला सर्वांत सोयीची जागा म्हणजे आयनिकवृत्ताचे, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गाचे, दोन ध्रुव. ते सूर्यापासून कायम ९० अंशांवर असतात, त्यामुळे डर्बीला रोज दिसायचे. धुळीच्या ढगाची मधली पातळी पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे २ अंशांनी कललेली आहे. केल्सॉल आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली डर्बीवरून बसवलेल्या प्रारूपात, म्हणजे ढगाच्या गणिती मांडणीत, हा कल २.०३ अंश आणि पातबिंदू (ही पातळी पृथ्वीच्या कक्षेला छेदून वर जाते ती जागा) ७७.७ अंश रेखांशावर आहे. त्यावरून पृथ्वी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ही पातळी ओलांडून खाली जाते आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा वर येते. मार्चच्या सुरुवातीला ती सर्वांत खाली, म्हणजे पातळीपासून सुमारे ०.०३५ खगोलीय एकक (पृथ्वी आणि सूर्य यांच्यातलं सरासरी अंतर म्हणजे एक एकक) दूर असते. तेव्हा उत्तर ध्रुवाकडे पाहताना जास्त धूळ आड येते, दक्षिणेकडे कमी. २५ मायक्रॉनवर दोन ध्रुवांच्या चमकेचे आलेख एकावर एक काढले की दोन वक्र उलट दिशांनी झुलताना दिसतात, मध्यापासून साधारण दहा टक्के वर-खाली. कोणतंही प्रारूप बसवण्याआधी आम्ही हा आलेख काढतो. दोन्ही वक्र एकाच दिशेने सरकत असतील तर ती धूळ नसते; डिटेक्टरचा प्रतिसाद सरकतोय किंवा छाटणी चुकली आहे, असं समजायचं. पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेमुळे दोन्हींत थोडा समान बदल येतो खरा, पण तो लहान असतो.

प्रारूपात चार गोष्टी असतात: सपाटसर मुख्य ढग, लघुग्रहांच्या टकरींतून आलेल्या पट्ट्यांच्या तीन जोड्या, पृथ्वीच्या कक्षेलगतचं कडं, आणि त्या कड्यात पृथ्वीच्या मागून येणारा दाट भाग. कण सूर्याकडे हळूहळू आत सरकताना काही काळ पृथ्वीच्या गुरुत्वाच्या तालात अडकतात, त्यातून हे कडं तयार होतं. पट्टे आयरासनेच दाखवले होते. त्यांतला १० अंशांजवळचा पट्टा व्हेरिटास लघुग्रह कुलाशी आणि आयनिकवृत्तालगतचा पट्टा कारिन गटाशी जोडला जातो. पट्ट्यांची घनता ठरवणं तुलनेने सोपं, कारण त्यांना कडा असतात. मागच्या दाट भागाचं तसं नाही. तो पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून सूर्यापासून ठरावीक कोनावर तो कायम तिथेच असतो, आणि त्याच कोनावर भटक्या प्रकाशाची एखादी चूक असेल तर दोन्ही एकसारखीच दिसतात. याची वेगळी साक्ष स्पिट्झर दुर्बिणीने दिली. ती पृथ्वीच्या मागे वर्षाला साधारण ०.१ खगोलीय एककाने पडत गेली आणि जाता जाता या दाट भागातूनच गेली.

प्रारूपाची चमक काढायची म्हणजे निरीक्षकापासून ५.२ खगोलीय एककांपर्यंत दृष्टिरेषेवर घनता गुणिले प्लांकचं सूत्र यांची बेरीज करायची. यासाठी झोडिपाय नावाचं पायथन पॅकेज आहे. तरंगलांबी, दिशा, वेळ आणि निरीक्षकाची जागा दिली की ते केल्सॉलचं प्रारूप चालवून चमक देतं. पण आधी एकदा हाताने हिशेब करून पाहावा. मुख्य ढगाची पृथ्वीजवळची घनता १.१३ × १०⁻⁷ प्रति खगोलीय एकक आहे, म्हणजे एवढ्या अंतरात धूळ नजरेचा जेमतेम एककोटीअंश भाग झाकते. २८६ केल्विनच्या काळ्या वस्तूची २५ मायक्रॉनची चमक ३.९ × १०⁸ मेगाजान्स्की प्रति स्टरेडियन. गुणाकार ४४. घनता अंतराच्या १.३४ घाताने आणि तापमान ०.४६७ घाताने उतरतं हे धरलं, तर पातळीत सूर्यापासून ९० अंशांवर पाहताना या ४४ ला सुमारे १.२ ने गुणावं लागतं, उत्तर ५५ च्या जवळपास. ध्रुवाकडे धूळ लवकर विरते, तिथे गुणक ०.३२ च्या आसपास आणि उत्तर सुमारे १४. संगणकाचं उत्तर याच्या दुप्पट किंवा निम्मं आलं तर एकक, वेळ किंवा निरीक्षकाची जागा यांपैकी काहीतरी गडबडलेलं आहे. बेरजेचे टप्पे सारख्या लांबीचे ठेवू नयेत. कडं अरुंद आहे आणि ते अगदी जवळ आहे. सुरुवातीचे टप्पे मोठे ठेवले तर ते दोन टप्प्यांच्या मधेच हरवतं.

प्रारूप बसवताना चमक नव्हे, चमकेतला बदल जुळवायचा: प्रत्येक पिक्सेलची स्वतःची सरासरी निरीक्षणातूनही काढायची, प्रारूपातूनही काढायची आणि उरलेलं ताडून पाहायचं. मग आकाशगंगेचं प्रारूप लागत नाही. याची किंमतही आहे. घनता आणि उत्सर्जकता (पूर्ण काळ्या वस्तूच्या तुलनेत कण किती उजळतात ते) कायम गुणाकारातच येतात, म्हणून केल्सॉलच्या गटाने मुख्य ढगाची २५ मायक्रॉनची उत्सर्जकता १ धरली. तो १५ टक्क्यांचा ढिला आकडा इथे निघतो. २५ मायक्रॉनचं माप चुकलं असेल तर ती सगळी चूक घनतेत जाऊन बसते आणि वर दिलेल्या १.१३ मध्ये मुरलेली असते. बाकी तरंगलांबींच्या उत्सर्जकता त्याच्या तुलनेतच वाचायच्या: ६० मायक्रॉनला सुमारे ०.७३, २४० ला ०.५२. लांब तरंगलांबीला उत्सर्जकता घसरते याचा अर्थ मुख्य ढगात लहान कणांचा वाटा बराच आहे. प्लांक उपग्रहाने पुढे सहा-सहा महिन्यांच्या नकाशांच्या वजाबाकीतून दाखवलं की लघुग्रहांच्या धुळीच्या पट्ट्यांची उत्सर्जकता तशी घसरत नाही, तिथले कण मोठे आहेत.

दुसरी किंमत जास्त जड. जो भाग बदलतच नाही तो या पद्धतीला दिसत नाही. सूर्याभोवती सगळ्या दिशांना सारखी पसरलेली विरळ धूळ असेल तर तिचा बदल फार थोडा, आणि ती वजाबाकीतून सुटून उरलेल्यात राहते. २५ मायक्रॉनला डर्बीने पाहिलेलं सर्वांत अंधारं आकाश १८ मेगाजान्स्कीच्या आसपास आहे, तर मुख्य ढगाचा आपला हाताचा अंदाज १४. पट्टे आणि कडं धरूनही हे अंतर पूर्ण मिटत नाही. म्हणूनच दूरच्या दीर्घिकांच्या एकत्रित प्रकाशासाठी डर्बीच्या गटाला २५ मायक्रॉनवर प्रति चौरस मीटर प्रति स्टरेडियन ५०४ नॅनोवॅट एवढी वरची मर्यादाच देता आली. दीर्घिका एकेक मोजून स्पिट्झरने २४ मायक्रॉनला काढलेली बेरीज ३ नॅनोवॅटच्या जवळ आहे. मधलं सगळं धुळीच्या प्रारूपाचं अज्ञान. १४० आणि २४० मायक्रॉनला धूळ मंद होते, तिथे त्याच गटाला २५ आणि १४ नॅनोवॅट अशी खरी मोजमापं मिळाली.

त्यामुळे धूळ वजा केलेला नकाशा कुणाला देताना आम्ही त्याबरोबर तीन गोष्टी देतो: प्रत्येक पिक्सेल सूर्यापासून किती अंशांवर आणि कोणत्या तारखांना पाहिला, प्रारूपाने एकूण किती चमक वजा केली, आणि वजाबाकीनंतर आयनिकवृत्तालगत किती उरलं. २५ मायक्रॉनला प्रारूप एक-दोन टक्क्यांत बसतं असं म्हटलं की ऐकायला छान वाटतं, पण पातळीतल्या ६० चे दोन टक्के म्हणजे १.२ मेगाजान्स्की. मंद आणि पसरट गोष्ट शोधणाऱ्याला ही रक्कम त्याच्या शोधापेक्षा मोठी पडू शकते. उरलेल्यात आयनिकवृत्ताला समांतर रेघा दिसत असतील तर त्या पट्ट्यांच्या चुकीच्या रुंदीच्या असतात. त्या गाळण लावून पुसू नयेत, पट्ट्यांचे आकडे पुन्हा बसवावेत.

मार्च २०२५ मध्ये सुटलेला स्फिअरएक्स उपग्रह ०.७५ ते ५ मायक्रॉनमध्ये १०२ रंगांत दर सहा महिन्यांनी पूर्ण आकाश पाहतोय. विखुरलेलं ऊन संपून धुळीची स्वतःची ऊब जिथे सुरू होते तो ३ ते ५ मायक्रॉनचा तुकडा त्यात सलग येतो, आणि तापमानाला सर्वांत हळवी असलेली हीच जागा आहे. डर्बीचं ४.९ मायक्रॉनचं मोजमाप हेलियम संपल्यावरही १९९३ च्या अखेरीपर्यंत चालू होतं. या दोन्हींतले ध्रुवांचे वार्षिक वक्र एकाच पद्धतीने काढून शेजारी ठेवायचे, हे सध्या हातात घेतलेलं काम आहे.